कितला दिन ऱ्हाशी?

पोर्तुगालमध्ये, लिस्बनजवळच्या ओदिवेलासमधल्या मुलाच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर एक कॅलेंडर लावलेलं होतं. सुनेने ते बाळाच्या तपासण्या आणि लशी लिहून ठेवायला आणलं होतं. २०२५ च्या ५ जानेवारीला आम्ही लिस्बनला उतरलो आणि त्याच रात्री आमच्या ह्यांनी लाल पेन घेऊन त्या दिवसाच्या चौकटीत १ लिहिलं. ६ तारखेला २. असं लिहीत लिहीत ते ४ एप्रिलपर्यंत गेले, तिथे ९० लिहिलं आणि त्याभोवती गोल केला. नातू जन्मायला अजून तीन आठवडे होते. तो येण्याआधीच आमचा निघायचा दिवस त्याच्या कॅलेंडरवर लिहून झाला होता.

युरोपातल्या २९ देशांनी आपसातल्या सीमा मोकळ्या केल्या आहेत, त्या सगळ्या मुलखाला शेंगेन म्हणतात. आमच्यासारख्या पाहुण्याला तिथे कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. मला आधी वाटलं, सहा महिन्यांतले तीन महिने, संपला विषय. पण हिशोब तसा नाही. तिथे असलेल्या प्रत्येक दिवशी मागे वळून १८० दिवस मोजायचे आणि त्यात आपण किती दिवस त्या हद्दीत होतो ते पाहायचं. उतरलो तो दिवस धरायचा, निघालो तोही धरायचा. आम्ही ४ एप्रिलला निघणार म्हणजे पुन्हा पाऊल ठेवायचं ते ४ जुलैला. ३ जुलैला उतरलो तर बेरीज ९१ होते. हे मी वहीच्या कागदावर तीनदा मांडून पाहिलं, कारण त्या एका दिवसावर खूप काही अवलंबून होतं. मुदतीपेक्षा जास्त राहिलेल्या माणसाला पुढचा व्हिसा कोण देणार?

आणि याच दिवसांत आम्ही तिथे घर घ्यायचं म्हणत होतो.

पैशांचं थोडं सांगायला हवं. आम्ही अमळनेरचे. १९४५ मध्ये आमच्या गावात वनस्पती तुपाची गिरणी निघाली, तिचंच पुढे विप्रो झालं. गावातल्या ज्या लोकांनी तेव्हाचे शेअर विकले नाहीत त्यांच्या घरात आज काय आहे, हे अमळनेरकराला सांगावं लागत नाही. माझ्या सासऱ्यांनी फार नाही, पण थोडे ठेवले होते. ह्यांनी बँकेतल्या नोकरीत त्यांना हात लावला नाही. आता ते मुलाच्या जवळ राहण्यासाठी वापरावेत, असं दोघांच्याही मनात होतं. मुलाच्या इमारतीपासून दोन गल्ल्या सोडून एक टी-वन विकायला होतं. तिकडे घराला असं म्हणतात. टी-वन म्हणजे एक झोपायची खोली. तिसरा मजला, लहानशी गॅलरी, समोरच्या घराच्या दोरीवर वाळत घातलेले कपडे. मी त्या गॅलरीत उभी राहिले तेव्हा बाळ माझ्या खांद्यावर होतं. इथे तुळस लावता येईल, असं मी मोठ्याने म्हणालेसुद्धा.

त्याआधीचा एक सल आहे. २०२४ च्या दिवाळीनंतर नाशिकच्या एका हॉटेलात परदेशातल्या घरांचं प्रदर्शन भरलं होतं, तिथे आम्ही गेलो होतो. एका सल्लागाराने ह्यांना चहा पाजून, नकाशे दाखवून सांगितलं की पोर्तुगालमध्ये घर घ्या, राहण्याचा परवाना त्याच्या मागोमाग येतो. १ लाख रुपये घेतले, पावती दिली. पुढे मुलाने कायदा वाचला तेव्हा कळलं की घर घेऊन गोल्डन व्हिसा, म्हणजे पैसे गुंतवून राहण्याचा परवाना, मिळवण्याची ती वाट पोर्तुगालने ऑक्टोबर २०२३ मध्येच बंद केली होती. म्हणजे आमच्याकडून पैसे घेतले तेव्हा ती बंद होऊन वर्ष उलटलं होतं. पैसे परत मिळाले नाहीत. ह्यांनी पुढे तो विषय काढला नाही, पण महिनाभर त्यांचं जेवण कमी झालं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कर्जाची कागदपत्रं डोळ्यांत तेल घालून तपासलेला माणूस. फसलो ते मुलाजवळ राहायच्या ओढीने, आणि त्या माणसाने नेमकी तीच ओढ ओळखली, याचा मला आजही राग येतो. आपल्या भागात घराघरांतली मुलं बाहेर आहेत. असे सल्लागार आता जळगावला, धुळ्यालाही येतील. म्हणून हे लिहिते आहे.

मुलाने मग नीट समजावून सांगितलं. पोर्तुगालमध्ये परक्या माणसाला घर घ्यायला बंदी नाही. कर क्रमांक काढायचा, बँकेत खातं उघडायचं, नोटरीसमोर खरेदीखत करायचं. तिथे बसलेला माणूस तुमचा व्हिसा किती दिवसांचा आहे हे विचारत नाही. आणि विमानतळावर काचेमागे बसलेला अधिकारी तुमचं खरेदीखत विचारत नाही. दोघांचे दोन वेगळे कायदे, आणि ते एकमेकांकडे बघतही नाहीत. घर तुमचं, घरपट्टी तुम्ही भरायची, नळ गळला तर प्लंबर तुम्ही आणायचा. राहायचं मात्र ९० दिवस.

मी विचारलं, "मग उरलेले दिवस?"

"उरलेले दिवस घर बंद," मुलगा म्हणाला.

लिस्बनमध्ये एक राधाकृष्णाचं मोठं मंदिर आहे. तिथे येणारी बरीच मंडळी गुजराती. त्यांचे आईबाप दीवहून, सौराष्ट्रातून मोझांबिकला गेले आणि १९७५ मध्ये तो देश स्वतंत्र झाल्यावर कितीतरी घरं पोर्तुगालला आली. बाळ दीड महिन्याचं झाल्यावर आम्ही त्याला दर्शनाला नेलं. एक म्हातारी बा माझ्याशेजारी येऊन बसल्या. दीवचा जन्म, १९६१ च्या आधीचा, म्हणजे दीवमध्ये पोर्तुगीजांचं राज्य असतानाचा. त्या गुजरातीत बोलत होत्या आणि मला सगळं समजत होतं. आमच्या अहिराणीत गुजराती इतकी मिसळली आहे की खानदेशातल्या माणसाला वेगळं शिकावं लागत नाही. त्यांनी बाळाच्या तळव्यावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "केटला दिवस?"

मला वाटलं, बाळ किती दिवसांचं झालं ते विचारताहेत. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि माझ्याकडे बोट केलं. तू किती दिवस?

माझ्या घशाशी आलं. कारण हा प्रश्न मला जवळजवळ याच शब्दांत दर वर्षी विचारला जातो. चोपडा तालुक्यात तापीकाठच्या माझ्या माहेरी, आखाजीला. अंगणात पाय ठेवायचा अवकाश, शेजारची जिजी ओट्यावरून हाक मारते, "कवय उनी व माय? कितला दिन ऱ्हाशी?"

खानदेशाबाहेरच्यांना आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया एवढंच माहीत असतं. आमच्याकडे तो लेकींचा सण. भाऊ घ्यायला येतो, सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. पितरांसाठी घागर भरतात, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, पुरणपोळी आणि आमरसाचा घास घालतात. बाहेर ४३-४४ डिग्री ऊन आणि आत मातीच्या घागरीचा ओला वास. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला सासूबाईंनी सांगितलं होतं, आठ दिवस. मी ते आठ दिवस बोटांवर मोजले होते. पाचव्या दिवसापासून झोक्यावर बसलं की पोटात कालवायचं. तेव्हा कॅलेंडरवर कोणी लाल पेनाने लिहीत नव्हतं, पण दिवस मोजूनच मिळत होते.

या वर्षी, २०२५ मध्ये, आखाजी ३० एप्रिलला होती. लिस्बनहून येऊन आम्हाला महिनाही झाला नव्हता. जिजीने विचारलं तेव्हा मी पहिल्यांदाच उत्तर दिलं नाही, तिच्या ओट्यावर जाऊन बसले. समोर आमचं घर दिसत होतं. वडील गेल्यावर २००९ मध्ये मी चोपड्याला जाऊन हक्कसोड पत्रावर सही केली होती. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित इस्टेटीत मुलाइतकाच वाटा दिला होता, ते मला माहीत होतं. शाळेत नागरिकशास्त्राच्या तासाला मी स्वतः ते मुलींना सांगितलं होतं. तरीही सही केली, मनापासून केली. दादाने केळीची बाग एकट्याने सांभाळली होती, व्हायरसने रोपं उपटावी लागली त्या वर्षीही त्यानेच निभावलं होतं. सातबाऱ्यावर माझं नाव नाही. पण मधल्या खोलीत भिंतीला लागून माझी खाट आहे, आणि वहिनी दर वर्षी मी यायच्या आधी तिच्यावरची गादी उन्हात टाकते. कधी जाणार, हे तिने मला आजवर विचारलेलं नाही.

आणि तिकडे, नोटरीच्या शिक्क्याने माझ्या नावावर झालेल्या घरात मी ९१ व्या दिवशी राहू शकले नसते.

हे दोन्ही मी जिजीच्या ओट्यावर बसून शेजारी शेजारी ठेवून पाहत होते. नावावर असणं आणि राहता येणं यांचा एकमेकांशी संबंध असतो, असं आपण धरून चालतो. तो नसतो, हे खानदेशातल्या बाईला तरी आधीच ठाऊक असायला हवं होतं.

बाकीच्या देशांची चौकशी ह्यांनी केलीच होती. माझ्या नणंदेची मुलगी कॅनडात आहे, त्यामुळे तिथलं आम्हाला जवळून माहीत आहे. तिथे आईवडिलांसाठी सुपर व्हिसा असतो. २०२२ पासून त्यावर एका वेळी सलग पाच वर्षं राहता येतं. आरोग्य विमा लागतो, मुलीची कमाई पुरेशी लागते. म्हणजे राहण्याच्या बाबतीत हात सढळ. पण १ जानेवारी २०२३ पासून नागरिक किंवा कायम रहिवासी नसलेल्याला तिथल्या शहरांत राहतं घर विकत घेता येत नाही, ती बंदी २०२७ पर्यंत वाढवली आहे. पाच वर्षं राहा, घर घेऊ नका. पोर्तुगालच्या बरोबर उलट. ऑस्ट्रेलियानेही १ एप्रिल २०२५ पासून दोन वर्षं परदेशी माणसांना जुनी घरं घ्यायला मनाई केली. न्यूझीलंडने तर २०१८ मध्येच केली. त्या सरकारांचा मला राग नाही. त्यांच्या स्वतःच्या पोरांना घरभाडं परवडेना म्हणून हे कायदे झाले आहेत. लिस्बनमध्ये सुनेच्या ऑफिसातली एक तरुण पोर्तुगीज मुलगी बाळ बघायला आली होती. पगारातलं निम्म्याहून जास्त खोलीच्या भाड्यात जातं, असं ती सांगत होती. आमच्यासारखे बाहेरचे पैसे घेऊन आले की तिच्या वाट्याचं घर आणखी महाग होतं. मी तिला पोहे वाढले, आणि वाढताना त्या टी-वनची गोष्ट काढली नाही. शेजारच्या स्पेनने घराच्या बदल्यात राहण्याचा परवाना देणं ३ एप्रिल २०२५ ला थांबवलं, म्हणजे आम्ही निघायच्या आदल्या दिवशी. बॅगा भरता भरता मुलाने ती बातमी वाचून दाखवली.

थायलंडचं ह्यांच्या भुसावळच्या मित्राने सुचवलं होतं. पन्नाशी ओलांडलेल्याला तिथे निवृत्तीचा व्हिसा मिळतो. बँकेत ८ लाख बात ठेवायचे किंवा महिन्याला ६५ हजार बातचं उत्पन्न दाखवायचं, आणि दर वर्षी मुदत वाढवून घ्यायची. शिवाय दर ९० दिवसांनी आपण कुठे राहतो ते सरकारला कळवायचं. जमीन नावावर होत नाही. फ्लॅट घेता येतो, पण एका इमारतीतले ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी माणसांच्या मालकीचे. हे सगळं ऐकून दादा म्हणाला, "म्हणजे सालदारासारखं." आमच्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल आखाजीला संपतं. त्या दिवशी तो मालकासमोर बसतो, नवं साल ठरतं, नाहीतर तो बिऱ्हाड हलवतो. दादाच्या शेतावर असलेल्या सालदाराचं हे एकविसावं साल. शेतातली खोली त्याचीच म्हणायची. तरी दर आखाजीला सकाळी तो अंगोळ करून, धुतलेली टोपी घालून येतो आणि बोलणं होईपर्यंत चहाला हात लावत नाही. मी त्याच्याकडे इतकी वर्षं पाहत होते, पण त्या न घेतलेल्या चहाकडे या वर्षीच लक्ष गेलं.

दुबईचं थोडक्यात. पंचावन्न वर्षांवरच्याला पाच वर्षांचा निवृत्ती व्हिसा, १० लाख दिरहमचं घर किंवा तेवढीच ठेव, किंवा ठरावीक मासिक उत्पन्न. तिथे घर आणि परवाना खरोखर एकमेकांना जोडलेले आहेत. पण आमचं तिथे कोणी नाही. नातू लिस्बनला असताना दुबईच्या घरात बसून काय करायचं?

पैसे बाहेर पाठवायचे नियम मात्र सगळ्यांना एकच. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी एका आर्थिक वर्षात २.५ लाख डॉलर पाठवता येतात, घरासाठीही चालतात. १ एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांच्या वरच्या अशा रकमेवर बँक २० टक्के कर आधीच कापून घेते. दोन कोटी पाठवायचे तर आम्हा दोघांचे मिळून २० लाख वगळून १ कोटी ८० लाखांवर ३६ लाख. ते बुडत नाहीत, विवरणपत्र भरल्यावर देणं लागत असलेल्या करातून वळते होतात किंवा परत मिळतात. पण तोवर अडकतात, आणि आमच्या वयात अडकलेल्या पैशाची झोपेवर सावली पडते. ज्यांना खरंच घ्यायचं आहे त्यांनी आधी हे विचारून घ्यावं, मग गॅलरी बघावी. मी गॅलरी आधी बघितली.

एक रस्ता खरा होता. पोर्तुगालचा डी-सेव्हन नावाचा व्हिसा, पेन्शन किंवा लाभांशासारखं बसून येणारं उत्पन्न असलेल्यांसाठी. त्याला घर विकत घ्यावं लागत नाही, भाड्याचं चालतं. ह्यांचं उत्पन्न त्यात बसत होतं. मुलाने कागदांची यादीही काढली. पहिला परवाना दोन वर्षांचा. अट अशी की त्या मुदतीत सलग सहा महिने किंवा तुकड्यातुकड्याने आठ महिने यांपेक्षा जास्त काळ देशाबाहेर राहायचं नाही.

दोन वर्षांत आठ महिने. ह्यांनी ते वाचलं आणि बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं, म्हणजे आता इकडचे दिवस मोजायचे."

खरंच होतं. आखाजीला किती, श्रावणात कानबाई बसते तेव्हा किती, दादाच्या घरी लग्न निघालं तर किती. अमळनेरला बोरी नदीकाठच्या आमच्या घरात आम्ही पाहुणे होणार आणि लिस्बनला रहिवासी. भारतात १८२ दिवस भरले की आयकराच्या लेखी इथले रहिवासी, पोर्तुगालमध्ये १८३ च्या वर गेले की तिथले. वर्षाच्या ३६५ दिवसांचे वाटे घालत बसायचं. मी त्या रात्री झोपले नाही. नातवाची हातभर जागा एकीकडे आणि सगळा मुलूख दुसरीकडे, आणि मला दोन्ही हवं होतं. त्याची लाज वाटायचं काही कारण नाही, असं मला अजूनही वाटतं.

मुलगा पुढेमागे तिकडचं नागरिकत्व घेईल. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणून मग तो ओसीआय कार्ड काढेल, परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळतं ते. त्यावर त्याला इथे कितीही दिवस राहता येईल, घर घेता येईल. शेतजमीन विकत घेता येणार नाही. वारशाने आली तर येईल. माझ्या वाट्याची जमीन मी सोडून दिलेली. म्हणजे तापीकाठी त्याच्यासाठी असेल ती मामाच्या घरातली माझी खाट. हे मी दादाला बोलून दाखवलं, तर तो म्हणाला, "खाट मोठी करून घेऊ."

टी-वन आम्ही घेतलं नाही. गेल्या आठवड्यात ते विकलं गेल्याचं मुलाने कळवलं. ह्यांनी फोटो पुन्हा एकदा उघडून पाहिले आणि फोन उलटा ठेवला.

दुसऱ्या खेपेचा व्हिसा आला आहे, विमान ४ जुलैला उतरतं. सामानाची यादी लिहून झाली. जानेवारीत माझ्या मनात बामणोदची वांगी न्यायची होती, पोराला भरीत खाऊन तीन वर्षं झाली होती. पण युरोपात बाहेरची फळं-भाजी न्यायची तर रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला लागतो. घरचं तूपही चालत नाही, दुधाचे पदार्थ चालत नाहीत. दाखल्याशिवाय चालणारी फळं फक्त पाच: अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी. हे वाचून दाखवलं तेव्हा दादा उठून उभा राहिला. यावल-रावेर-चोपड्याच्या पट्ट्यात जन्म काढलेला माणूस, त्याचे डोळे भरून आले. "आपली केळी जाते?" त्याने दोनदा विचारलं.

आता तो निघायच्या आदल्या दिवशी स्वतः घेऊन येणार आहे. हिरव्यातून नुकत्या पिवळ्याकडे वळलेल्या दोन फण्या, देठाला ओलं फडकं, वर वर्तमानपत्र. नातू तेव्हा पाच महिन्यांचा झालेला असेल. केळं सहाव्या महिन्यात द्यायचं असं सून म्हणते, म्हणजे पहिल्या फण्या त्याचे आईबापच खातील.

काल तिने फ्रिजवरच्या कॅलेंडरचा फोटो पाठवला. ४ जुलैच्या चौकटीत तिने पेन्सिलीने १ लिहिलं आहे. पुढच्या चौकटी तिने मोकळ्या सोडल्या आहेत.